अकरा आज्या आणि एक अमेरिकन आबासाहेब

दुबईहून परत येऊन महिना झाला. भेटेल तो विचारतो, "ती जगातली सर्वांत उंच इमारत पाहिलीत का? वाळवंटात गेलात का? सोनं किती आणलंत?" काय सांगू? एकवीस दिवस मी तिथे होते आणि त्यातले पंधरा एका मेलेल्या अमेरिकन पुढाऱ्याच्या सेवेत गेले. उंच इमारत पाहिली, नाही असं नाही. गाडीतून पाहिली. मांडीवर त्या पुढाऱ्याच्या केसांसाठी घेतलेला कापसाचा गठ्ठा होता आणि इमारतीचा वरचा निम्मा भाग गाडीच्या टपाआड गेला. वाळवंट खिडकीच्या दोन्ही बाजूंनी पळत गेलं. सोन्याच्या बाजारात पाय ठेवला नाही. तेव्हा ज्यांना दुबईची नीट माहिती हवी असेल त्यांनी दुसऱ्या कोणाला विचारावं. मी जे पाहिलं ते सांगते.

मरीना

मुलगा मंदार जबल अलीच्या बंदराजवळ एका मालवाहतुकीच्या कंपनीत आहे. घर मरीना नावाच्या भागात, सून केतकीचं ऑफिसही तिथेच. नात इरा, वय वर्षं अकरा, जन्मापासून तिथलीच. तिला मराठी सगळं कळतं. आपण मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, आणि दोघींनी आपणच जिंकलो असं समजायचं. "आई, यंदा नुसती ये. काही करायचं नाही, आराम," असं मंदार म्हणाला होता. या मुलाने मला जेव्हा जेव्हा आराम कर म्हटलंय तेव्हा तेव्हा माझी कंबर धरली आहे.

घर सव्विसाव्या मजल्यावर. खाली खाडीसारखं पाणी, मुद्दाम खणून आत आणलेलं, त्यात पांढऱ्याशुभ्र होड्या. आमच्या कोकणात होडी आली की बायका टोपल्या घेऊन धावतात. इथल्या होडीतून लोक वाढदिवस साजरे करून उतरतात आणि हातात फक्त फुगे असतात. पहिल्याच सकाळी मी साडी धुऊन बाल्कनीत टाकली. अर्ध्या तासात बिल्डिंगच्या सिक्युरिटीचा केतकीला फोन. बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत, वाईट दिसतं, दंड होतो.

"अगं, सव्विसाव्या मजल्यावरची माझी साडी बघणार कोण? घार?"

"आई, प्लीज, आत घ्या," केतकी म्हणाली. तिच्या दुसऱ्या कानाला ऑफिस होतं. तिच्या दुसऱ्या कानाला कायमच ऑफिस असतं. साडी बाथरूममध्ये वाळली, म्हणजे वाळली नाही.

तिसऱ्या दिवशी इरा शाळेतून आली, दप्तर फेकलं आणि सोफ्यावर पालथी पडली.

"काय झालं गं?"

"आय गॉट अ नोबडी, आजी."

मग उलगडा झाला. तिची शाळा अमेरिकन पद्धतीची. तिथे दरवर्षी पोरांना एकेक प्रसिद्ध माणूस वाटून देतात. त्याचे कपडे घालून मेणाच्या पुतळ्यासारखं उभं राहायचं. समोरच्या पुठ्ठ्यावर लाल बटण चिकटवलेलं असतं. पाहुण्याने ते दाबलं की पुतळा जिवंत होतो, दोन मिनिटांत आपलं चरित्र सांगतो आणि पुन्हा मेण होतो. आपल्याकडे गॅदरिंगला वेषभूषा असते तसंच. फक्त आपल्याकडे बटण लागत नाही, मुलं आपोआप सुरू होतात आणि थांबवावी लागतात.

यंदाचा विषय होता, अमेरिका नवीन असतानाचे पुढारी. चिठ्ठ्या काढल्या. इराच्या मैत्रिणीला त्यांचा पहिला अध्यक्ष मिळाला. इराला मिळाला ओबाडाया नावाचा कोणीतरी, ज्याच्याबद्दल तिच्या बाईंनाही आधी वाचून घ्यावं लागलं होतं.

"मग काय बिघडलं? नवीन माणूस कळेल लोकांना."

ती उठून बसली. गेल्या वर्षी ती कुठलीशी शास्त्रज्ञ झाली होती. पांढरा कोट, चष्मा, हातात काचेची नळी. दोन तास उभी होती. "टू अवर्स, आजी. नो वन प्रेस्ड. नॉट वन पर्सन." आईबाबा रस्त्यावर अडकले आणि पोचले तेव्हा पुठ्ठे गुंडाळत होते. यंदाही कोणी दाबलं नाही तर तिने ठरवलं होतं, पुढच्या वर्षीपासून स्टेजमागे पंखे-दिवे सांभाळायचे. पुन्हा म्हणून तोंड उघडायचं नाही.

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी एके काळची नगरसेविका. चौतिसाव्या वर्षी निवडून आले होते, कोकणातल्या एका छोट्या नगरपालिकेत. निकालाच्या आधीच फोटोसकट लेटरहेड छापून घेतलं होतं. फोटोत चष्मा आहे. मला तेव्हा नंबर नव्हता, पण विचारी दिसायला हवं ना! वॉर्डातल्या पहिल्या नळाच्या उद्घाटनाला मी पाऊण तास भाषण केलं आणि तोटी फिरवली, तर आतून फुस्सकन हवा आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येईपर्यंत मी समजत होते, भाषणाला वाजवल्या. तर अशी ही बाई नातीला म्हणाली, "गर्दी जमवायचं माझ्यावर सोड."

आबासाहेब

ओबाडाया हे नाव मला पेलेना, म्हणून मी त्यांना आबासाहेब म्हणू लागले. आडनाव तर शेवटपर्यंत जमलं नाही. बाईंनी तीन पानं टाचून दिली होती. ती इराने वाचायची आणि मी अर्थ विचारून तिला वात आणायचा, असा दोन संध्याकाळ कार्यक्रम झाला.

आबासाहेब व्हर्जिनियाचे. वडिलांची तंबाखूची शेती. तिशीच्या आत तिथल्या सभागृहात निवडून आले. इंग्रजांपासून वेगळं व्हायचं ठरलं तेव्हा बाकीच्यांच्या मागोमाग यांनीही हात वर केला. पहिला नाही, शेवटचाही नाही, मधेच कुठेतरी. मग रस्ते आणि नदीवरच्या तरी, म्हणजे माणसं पलीकडे नेणाऱ्या होड्या, यांच्या समितीवर बसले. तरीचं भाडं किती असावं यावर ते जे बोलले ते त्यांचं सर्वांत गाजलेलं भाषण, म्हणजे गावात गाजलेलं. मला माणूस एकदम ओळखीचा वाटायला लागला. मी गटारांच्या समितीवर होते.

आणि निवडणूक! तेव्हा मतदान गुपचूप नव्हतं. उमेदवार टेबलाशी बसायचा. एकेक मतदार समोर येऊन मोठ्याने नाव घ्यायचा, की माझं मत अमक्याला. ज्याचं नाव घेतलं त्याने उठून आभार मानायचे. आणि त्याआधी उमेदवाराने सगळ्यांना खायला-प्यायला घालायची रीत होती. रमची पिंपं, अख्खी भाजलेली डुकरं. आबासाहेबांच्या अंगणात म्हणे पंक्ती उठायच्या.

"म्हणजे आपल्यासारखंच की!" मी म्हणाले.

"आजी, इट्स करप्शन."

"आतिथ्य म्हणतात त्याला."

भाषण मी लिहायला घेतलं. मराठीत मी लिहायचं, इराने इंग्रजी करायचं. मी झोकात सुरुवात केली: बालपणापासूनच कुशाग्र, मातृभूमीची तळमळ, साधी राहणी. इराने ओठ मुडपले.

"ही वॉज नॉट सिंपल. त्याच्याकडे स्लेव्ह्ज होते. माणसं विकत घेतलेली. पेज थ्रीवर आहे."

"असेल. ते दोन मिनिटांत कशाला? पुण्यतिथीच्या भाषणात असलं कोणी काढतं का?"

"बट इट्स ट्रू."

"खरं आहे म्हणून सगळं बोलायचं असतं ना बाळा, तर आमची नगरपालिका एक दिवस चालली नसती."

ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग तिने मान खाली घालून माझी वाक्यं इंग्रजीत उतरवायला घेतली. दुसऱ्या निवडणुकीत आबासाहेब पडले, तेही मी गाळलं. "नंतर त्यांनी सार्वजनिक जीवनातून निवृत्ती घेतली," असं भारदस्त लिहिलं.

खोर फक्कान

आबासाहेबांच्या कोटाने आणखी जीव खाल्ला. मागे शेपट्या असलेला, पितळी बटणांचा, गुडघ्यापर्यंतचा कोट दुबईत भाड्याने मिळेना. मिळाला तो मोठ्या माणसाचा, आणि भाडं एका दिवसाचं दोनशे दिरहम. "म्हणजे जवळजवळ पाच हजार रुपये!" मी ओरडले. दुकानातली मुलगी दचकली. शेवटी मंदारच्या ऑफिसातला दाऊद मदतीला आला. तो दाभोळकडचा. त्याच्या मामांचं खोर फक्कानला, म्हणजे पलीकडच्या किनाऱ्यावरच्या बंदरगावी, शिंप्याचं दुकान, बंदरावरच्या लोकांचे युनिफॉर्म शिवतात. शनिवारी आम्ही निघालो. केतकी फोनवर होती म्हणून घरी राहिली.

ही एक सहल मात्र वाया गेली नाही. शहर संपलं, वाळू संपली, आणि एकदम डोंगर पुढ्यात आले. पण कसले डोंगर! एक झाड नाही, गवताची काडी नाही. जळक्या भाकरीच्या रंगाचे नुसते दगड. सह्याद्री सोलून ठेवला तर असा दिसेल. गाडी एका बोगद्यातून दुसऱ्यात जात राहिली आणि शेवटच्यातून बाहेर पडली तर समोर समुद्र. आमच्यासारखाच, पण वळणावर वसलेलं स्वच्छ गाव, आणि बंदरावर खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे रचलेले मालाचे मोठे डबे.

मामांचं नाव इस्माईलभाई. साठीचे, गळ्यात टेप, कानावर खडू. मी इराच्या पानावरचं चित्र पुढे केलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"बाय, हा मानूस लग्नाला चाललाय काय?"

"नाही हो, निवडणुकीला."

"मग खिशे मोठे लावतो."

मला हा माणूस तिथेच पटला. मापं घेताना इरा ताठ उभी, मेण होण्याचा सराव करत. "कधी मिळेल?" मी विचारलं.

"इन्शाल्ला, गुरुवारपर्यंत."

"इन्शाल्ला म्हणजे नक्की कधी? इथे आल्यापासून हे ऐकतेय. प्लंबर इन्शाल्ला म्हणाला तो अजून यायचाय."

ते हसले. "बाय, आपल्याकडे 'बघू' म्हणतात ना, तसंच. पण मी खरंच बघतो."

दुकानाच्या वरच त्यांचं घर. त्यांच्या बायकोने, जुबेदाबाईंनी, जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण. एक घास घेतला आणि मी थांबले. "कोकम?"

"गावचं," त्या म्हणाल्या. "बाकी इथं सगळं मिळतं. कोकम कोण आलं-गेलं तर मागवायचं."

इराने तीन भाकऱ्या खाल्ल्या. घरी पास्त्याशिवाय न जेवणारी मुलगी! मी काही बोलले नाही. बोलले असते तर चौथी खाल्ली नसती.

कोट खरंच गुरुवारी आला, दाऊदबरोबर, कंपनीच्या बसने. सुरेख शिवलेला. फक्त पितळी बटणांवर प्रत्येकी एक नांगर होता. बोटीवरच्या लोकांची बटणं! आबासाहेब आयुष्यात तरीपलीकडे गेले नव्हते, ते कप्तान होऊन आले. इरा म्हणाली, "खलास, आजी, लेट इट बी." तिथे खलास म्हणजे 'पुरे, झालं'.

पंक्ती

आता गर्दी. मी शांतपणे कामाला लागले. आमच्या बिल्डिंगमध्ये आणि शेजारच्या दोन बिल्डिंगांत मिळून मराठी बायकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. केतकी त्यात आहे, पण तिने तो म्यूट केलाय. मी लिफ्टमध्ये एकेकीला गाठलं. "दुपारी चहाला ये गं, साबुदाणावडे करतेय." वीसेक जणी आल्या. केतकी ऑफिसला, इरा शाळेत. दोन किलो साबुदाणा उडाला. वड्यांच्या दुसऱ्या फेरीला मी विषय काढला: सोमवारी नातीच्या शाळेत कार्यक्रम आहे, फक्त यायचं आणि एक बटण दाबायचं. अकरा जणी तयार झाल्या. दोघींनी विचारलं, तिथेही वडे आहेत का?

अडचण एकच. शाळेत असं कोणी उठून जाऊ शकत नाही, आधी नावं कळवावी लागतात. चौदाव्या मजल्यावरची पल्लवी फोनवर सगळं पटापट करते. शाळेचा फॉर्म मी केतकीच्या टॅबवर शोधून ठेवला होता. पल्लवीने तो भरायला घेतला. पाहुण्याचं मुलाशी नातं काय, असा रकाना होता. यादीत आई, वडील, भाऊ, बहीण, आजी, आजोबा एवढंच. शेजारीण असं काही नव्हतं.

"काय टाकू, काकू?"

"आजीच टाक. मानलेल्या."

मानलेल्या असाही पर्याय नव्हता. अकराच्या अकरा जणी आज्या झाल्या. त्यातली सर्वांत लहान आजी बत्तीस वर्षांची होती.

शाळा

सोमवारी शेवटच्या दोन तासांत कार्यक्रम. फाटकाशी टॅब घेऊन एक गोरी बाई. तिने यादी वरून खाली पाहिली, मग आम्हाला पाहिलं. पंजाबी ड्रेस, जीन्स, एक नऊवारी (नेस म्हणून कोणी सांगितलं नव्हतं, ती हौसेने नेसून आली होती).

"इलेव्हन ग्रँडमदर्स?"

"इंडिया, हबीबी," मी म्हणाले. "जॉइंट फॅमिली."

तिने कोणालातरी फोन केला, आणि का कोण जाणे, सोडलं. बहुधा मागे रांग वाढत होती. मी आत शिरते न शिरते तोच केतकीचा फोन. शाळेचा मेल तिला मीटिंगमध्ये आला होता. "आई, इराला अकरा आज्या आहेत का?"

"तशा वीस होत्या. नऊ जणींना जमलं नाही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मी निघते," आणि फोन ठेवला.

हॉल मोठा, थंडगार. भिंतीला लागून चाळीसेक लहान-लहान पुढारी उभे. कापसाच्या टोपाखाली इराचा चेहरा पांढरा पडलेला. शेजारीच तिची मैत्रीण, पहिला अध्यक्ष. तिच्यासमोर खरी रांग. इराचं बटण नवंकोरं चमकत होतं. मी बायकांना डोळ्यांनी खूण केली: यल्ला, चला!

पल्लवीने दाबलं. आबासाहेब जिवंत झाले आणि मातृभूमीची तळमळ सांगू लागले. इराचा आवाज आधी कापला, मग स्थिरावला, आणि चेहऱ्यावर हळूहळू जे आलं ते बघून मला सगळा साबुदाणा वसूल झाल्यासारखं वाटलं. दुसरीने दाबलं. तिसरीने दाबलं. चौथीचा फोन मधेच बंद पडला म्हणून तिने व्हिडिओसाठी परत दाबलं. आमच्या बायकांनी समोर अशी भिंत केली की बाकीचे पालक लांबूनच वळसा घालून जाऊ लागले. एक गृहस्थ टाचा उंचावून पाहून गेले. मला मात्र वाटत होतं, सभा जिंकली.

सातव्या वेळेला तळमळीतली सगळी तळमळ निघून गेली होती. आठवी दाबायला गेली ती नऊवारीवाली. ती प्रेमाने म्हणाली, "छान बोलतेस हं! आणि तुझ्या आजीचे वडे काय अप्रतिम होते गं. म्हटलं, एवढं खाल्लंय तर जायलाच हवं."

मेणाच्या पुतळ्याने मान वळवली. बटण न दाबता.

"आजी," पुतळा म्हणाला. "यू फेड देम?"

"अगं, चहाला बोलावलं होतं."

"यू डिड द रम थिंग." तिचे डोळे भरले होते, पण आवाज बारीक आणि स्वच्छ होता. ती पुढे जे म्हणाली ते इंग्रजीत, पण माझ्यापर्यंत मराठीतच पोचलं. मला खोटी माणसं नको होती, आजी. मला एक माणूस हवा होता.

अकराही जणी छताकडे बघू लागल्या.  मी फक्त एवढंच केलं, की सगळ्यांना घेऊन निघाले. "चला, कॅन्टीनमध्ये चहा." "पण अजून आम्ही तिघींनी दाबलं नाही," एक म्हणाली. "चल म्हटलं ना!" मी ओरडले, आणि पहिल्या अध्यक्षाने दचकून डोळे मिचकावले.

त्यांना कॅन्टीनमध्ये बसवून मी परत आले आणि खांबामागे उभी राहिले. पंचवीस मिनिटं उरली होती. इरासमोर आता कोणी नव्हतं. लोक येत, पाटी वाचत, पुढे जात. एक बाई थांबली, इराच्या कोटाचा नांगर पाहिला, गोंधळली आणि गेली. दहा मिनिटं. पंधरा मिनिटं. माझा हात इतका शिवशिवत होता की मी तो पदरात गुंडाळून धरला. इराने एकदा डोळे पुसले आणि परत मेण झाली.

तेवढ्यात मागच्या दाराने एक बाई आली. अंगावर पिवळं जाकीट, पायात सपाट बूट, काखेत पाण्याची बाटली. शाळेच्या बसमध्ये पोरांना चढवायला-उतरवायला बायका असतात, नॅनी म्हणतात त्यांना, त्यांच्यातली एक. बस सुटायला वेळ होता म्हणून थंड हवेला आली असावी. ती भिंतीच्या कडेकडेने सगळे पुढारी बघत आली. अध्यक्षापाशी रांग होती, तिथे थांबली नाही. इरापाशी आली, पाटी वाचली, बाटली दुसऱ्या काखेत घातली आणि अंगठ्याने बटण दाबलं.

मला काही ऐकू येत नव्हतं. आयुष्यभर भाषणं ऐकवली, आणि हे एक ऐकायचं होतं तर मध्ये अर्धा हॉल. इराचे ओठ हलताना दिसत होते. माझी वाक्यं मला पाठ होती आणि हे ओठ त्या वाक्यांचे नव्हते. बाई हसली. मग हसायची थांबली. तिने काहीतरी विचारलं, इराने उत्तर दिलं. दोन मिनिटं होऊन गेली तरी बाई उभी. शेवटी तिने मान हलवली आणि निघून गेली. मला वाटलं, झालं, एक तर एक.

दोन मिनिटांनी ती परत आली. तिच्या मागे पिवळ्या जाकिटातल्या आणखी तिघी होत्या.

परतीच्या गाडीत

मंदार घ्यायला आला. केतकी फाटकापाशीच भेटली होती. ती इराला घट्ट धरून उभी राहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा इराकडेच पाहिलं. अकराही आज्यांना ती स्वतःच्या गाडीने तीन फेऱ्यांत घरी सोडणार होती. शिक्षा माझी होती, भोगत केतकी होती.

गाडीत मागे मी आणि इरा. टोप तिच्या मांडीवर. पुठ्ठ्यावरचं लाल बटण सोलून तिने कोटाला लावलं होतं.

"काय सांगितलंस त्यांना?" मी विचारलं.

"यू हॅव टू प्रेस, आजी."

मी दाबलं. ती ताठ बसली. ती इंग्रजीत बोलली, मी माझ्या शब्दांत लिहिते. "मी ओबाडाया. तुम्ही माझं नाव ऐकलेलं नाही. मी तरीचं भाडं ठरवलं. मी लोकांना खूप जेवू घातलं. ते जेवण ज्यांनी रांधलं त्यांना मी विकत घेतलं होतं, त्यांना मत नव्हतं. दुसऱ्या निवडणुकीत मी टेबलाशी बसलो. जे माझ्याकडे जेवले होते ते एकेक जण पुढे आले, माझ्या तोंडाकडे बघून दुसऱ्याचं नाव घेतलं. मला वाटलं होतं, ते माझ्यासाठी आले. एनी क्वेश्चन्स?"

 मी ते बटण तिच्या कोटावरून काढलं आणि माझ्या पदराला लावलं. ती बघत राहिली. मग तिने दाबलं.

"मी तुझी आजी," मी म्हणाले. "मी एकदा निवडून आले, हे तू शंभरदा ऐकलंयस. दुसऱ्यांदा पडले, हे या घरात कोणी काढत नाही. प्रचाराच्या महिन्यात आमच्या ओसरीवर रोज चहा-पोहे असायचे. संध्याकाळी मी चपलांचे जोड मोजायला लावायचे. शेवटच्या दिवशी दोनशे दहा जोड होते. मी दोनशे दहा हारांची ऑर्डर दिली, प्रत्येकाला घालायला. पेटीतून मतं निघाली एकशे तीस. तेव्हापासून मी वॉर्डातल्या ऐंशी माणसांशी बोलत नाही. कोणत्या ऐंशी ते माहीत नाही, म्हणून कोणाशीच नीट बोलत नाही."

इरा हसली नाही. मी पुढे काही बोलणार, एवढ्यात पुढून मंदारचा आवाज आला. मान न वळवता, आरशातही न बघता.

"आई, चपला मी मोजायचो."

"हो, मग?"

"एकशे तीस जोडांच्या वर कधीच नव्हत्या." त्याने गिअर उगाचच हलवला, आणि त्या गाडीचे गिअर तर आपोआप बदलतात. "तू रोज विचारायचीस, आज किती. आकडा वाढला की खूश व्हायचीस. मग मी वाढवायचो."

पस्तीस वर्षं. पस्तीस वर्षं मी अख्ख्या वॉर्डाला बेइमान म्हणत आले, भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत, आणि ते ऐंशी मतदार याच्या डोक्यात होते! मला इतका संताप आला की मी त्याच्या सीटच्या पाठीवर एक चापट मारली. आणि मग, डोळ्यांत पाणी येऊन रस्त्यावरचे सगळे दिवे पुसट होईपर्यंत, हसू आवरेना.

इराने माझ्या पदरावरचं बटण हळूच सोललं, पुढे वाकून बाबाच्या खांद्यावर चिकटवलं, आणि दाबलं.